ज्ञ कुठे गेला

रनाळ्याच्या रोहिणीचं काम काय, हे गावात कोणाला धड सांगता येत नाही. नोकरी पुण्याच्या कंपनीची, ती घरूनच चालते. पण जीव गुंतलाय तो एका बिनपगारी कामात. जगभरची माणसं मिळून संगणक चालवणारी एक लिनक्स प्रणाली तयार करतात आणि फुकट वाटतात. तिच्यातला डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवणारं सॉफ्टवेअर, रोहिणी सांभाळते. मूळ लेखकांनी नवी आवृत्ती काढली की ती तपासायची, बांधायची आणि कोणाच्या जुन्या नोंदींना धक्का न लावता त्यांच्या यंत्रावर बसेल अशी करून द्यायची. शेजारच्या कौसाबाईनं एकदा विचारलं, "तुन्हं काम काय शे व?" तेव्हा ती हसून म्हणाली, "लोकेसना सामान बांधीसन धाडी देस, मावशी."

यंदा प्रणालीची मोठी आवृत्ती निघाली आणि थोड्याच दिवसांत तक्रारींच्या पानावर एक मोडकं इंग्रजी वाक्य आलं: अपग्रेडनंतर माणसं गायब. खाली नाव अभिनंदन, गाव तळोदा, फोन नंबरसकट.

रोहिणीनं दोनदा वाचलं. तिनं बांधलेलं सॉफ्टवेअर कुठंकुठं चालतं ते तिला कधीच कळत नसे. ते इतक्या जवळ, तापीपलीकडे तळोद्यात निघेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं लगेच फोन लावला.

अभिनंदनचं कापडाचं दुकान होतं. डोंगरातून येणाऱ्या सिकलसेल या रक्तविकाराच्या रुग्णांना रक्त लागतं, म्हणून तो आणि त्याचे मित्र दुकानातल्या संगणकावर, याच डेटाबेसमध्ये, रक्तदात्यांची यादी ठेवायचे.

"ताई, ज्ञानेश्वरभाऊंचं नाव मी स्वतः भरलेलं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला होता. "आता शोधलं तर काहीच येत नाही. एक मुलगी दवाखान्यात आहे, तिला त्यांचाच गट लागतोय. अजून किती नावं उडाली असतील, देव जाणे."

रोहिणीला पहिली शंका स्वतःचीच आली. आपल्याच हातून लोकांच्या नोंदी गेल्या की काय? तरी आवाज सांभाळत ती म्हणाली, "काही पुसू नका. नवीन काही भरू नका. नावानं शोधायचं सोडा, सगळी यादी एकदम उघडा आणि डोळ्यांनी बघा."

अभिनंदन एकेक नाव पुटपुटत यादी खाली सरकवू लागला.

"आहेत!" अभिनंदन ओरडलाच. "आहेत ताई! नंबरसुद्धा आहे!"

"मग आधी त्यांना फोन करा. माझं नंतर."

रोहिणीनं डोकं टेबलावर टेकलं. अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसलेली तिची आई जमनाबाई दारात आली. "काय व्हयनं? रडी ऱ्हायनी का?"

"नही माय. चांगलंच व्हयनं."

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. नव्या प्रणालीत अक्षरांच्या क्रमाचे नियम बदलले होते. आधी ज्ञ हा ज च्या पोटात मोजला जाई, आता तो शाळेतल्या तक्त्यासारखा शेवटी गेला होता. शोधासाठीची अनुक्रमणिका मात्र जुन्याच क्रमानं लावलेली. शोध नव्या जागी जाई आणि रिकाम्या हातानं परत येई. हरवलं काहीच नव्हतं. रोहिणीनं सांगितलेली एक आज्ञा अभिनंदननं चालवली, अनुक्रमणिका नव्यानं बांधली गेली आणि ज्ञानेश्वर पहिल्या झटक्यात सापडला.

पण असं इतर भाषांतही होणार, हे तिच्या लक्षात आलं. अपग्रेड होताना क्रम बदललाय का ते पाहायचं आणि बदलला असेल तर माणसाला थांबवून स्पष्ट सांगायचं, अशी तपासणी तिनं आपल्या बांधणीत घातली. फिनलंडमधल्या सोबत्यानं ती वाचून मान्य केली आणि दुरुस्त बांधणी सगळीकडे गेली.

संध्याकाळी अभिनंदनचा फोन आला. ज्ञानेश्वरभाऊ रक्त देऊन गेले होते, मुलगी उठून बसली होती.

"ताई, तुम्ही कोणत्या देशातून बोलताय?" त्यानं आदबीनं विचारलं. "मराठी फारच छान आहे तुमचं."

"रनाळ्याहून," रोहिणी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसली.