नेस्टाच्या हार्पची कळ

नेस्टा प्रोबर्टच्या हार्पला लोक नावं ठेवत नसत. ठेवत ते त्यावरच्या कळांना. बापाच्या हाताखाली चॅपलचे बाक आणि शवपेट्या करता करता ती सुतारकाम शिकली आणि चाळिशी उलटल्यावर हार्प बनवण्याकडे वळली. लाकडात तिचा हात कुणी धरू शकत नसे. पण प्रत्येक तारेला स्वर अर्धा चढवणारी एक छोटी कळ लागते, आणि ती धातूची. नेस्टा त्या कळा विकत आणून बसवायची. कळ वर केली की तार चिडल्यासारखी झणझणायची.

सियोनेड नावाची वादक तर तोंडावर म्हणाली, "नेस्टा, तुझा हार्प सोन्यासारखा आहे गं, पण कळ चढवली की डब्यात माशी अडकल्यासारखं वाटतं. चॅपलशेजारच्या हॉलात, वेस्ट्रीतल्या कार्यक्रमात मी हा वाजवणार नाही."

नेस्टाला ते झोंबलं. तिनं लाकडात कळीचा नमुना कोरला, कागदावर त्याचं चित्र काढलं, आणि तशी कळ पितळेत करून देणारा माणूस शोधायला ती निघाली.

गॅरेजवाल्यानं नमुना हातात फिरवला. "किती हजार हव्यात?"

"एक."

"एक?" तो इतका हसला की आतली माणसं बाहेर आली. "बाई, एकासाठी माझं मशीन जांभईसुद्धा देणार नाही!"

रेक्समच्या कारखान्यानं चित्र परत पाठवलं, वर दोन ओळी: मापं अपुरी आहेत. शेवटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "इद्वलकडे जा. खाणीच्या वर्कशॉपात चाळीस वर्षं लेथवर धातू कातायचा. खाण बंद झाली तेव्हा लेथ घरी घेऊन आला. फक्त बोलताना घसा साफ ठेव."

इद्वलचा लेथ कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात होता आणि इद्वलचे कान खाणीतच राहिले होते. त्याची बायको ग्वेनडा त्याच्या कानाशी ओरडली, "हार्पची कळ करायचीय!"

"हार्पची?" इद्वल म्हणाला. "अगं पोरी, वीस वर्षांत मला हार्प ऐकू आलेला नाही. चॅपलमध्ये मी हिचे ओठ बघून गातो."

"आणि तरी माझ्या पुढं धावतो," ग्वेनडा म्हणाली.

"आवाजाचं काम बहिऱ्याला देऊ नकोस. नाव खराब होईल तुझं."

नेस्टा परत गेली. पण दुसऱ्या दिवशी केकचा डबा घेऊन आणि हार्पच व्हॅनमध्ये घालून आली. खुराड्याच्या दारात तो उभा केला, कळ चढवली, तार छेडली. नाइलाजानं इद्वलनं लाकडावर तळवा टेकला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पुन्हा वाजव."

तिनं वाजवली.

"थरथरतंय. लेथवर हत्यार ढिलं बसलं की असंच हाताला कळतं." त्यानं चष्मा चढवला आणि कळीला नाक लावलं. "ही कळ तारेला धरत नाहीये. नुसती टेकून उभी आहे, आळशी नोकरासारखी. तार मागं ढकलते आणि ही हलते."

"मग काय करायचं, काका?"

"खाणीत दगड वाहणाऱ्या डब्याचं फळकूट कसं अडकायचं? खिटी मध्याच्या थोडी पुढं गेली की दगडांचा भारच तिला घट्ट दाबायचा. तसंच करू. तारेचाच ताण कळीला धरून ठेवील."

पहिली कळ जाड झाली, दुसरीनं तार कापली. तिसरी वर गेली ती खालीच येईना. ग्वेनडानं ती पक्कडीनं उपटली आणि दोघांनाही शिव्या घातल्या. नेस्टा कान लावायची, इद्वल तळवा टेकायचा, आणि दोघं भांडायची.

"झणझणतंय, काका."

"नाही झणझणत!"

"तुम्हाला ऐकू येत नाही!"

"तुला हाताला कळत नाही!"

बहुतेक वेळा दोघंही बरोबर असायची. सातव्या कळीच्या नाकाला इद्वलनं केसाएवढी खाच घातली. नेस्टानं तार छेडली. स्वर अर्धा चढला आणि विहिरीतल्या पाण्यासारखा स्वच्छ राहिला. इद्वलनं बराच वेळ हात उचलला नाही. मग तो एवढंच म्हणाला, "हं. आता उरलेल्या तेहेतीस."

सगळ्या कळा बसल्यावर सियोनेडनं हार्प वाजवून बघितला आणि होकार दिला. कार्यक्रमाच्या शनिवारी वेस्ट्रीत बसायला जागा नव्हती. सियोनेडनं धून सुरू केली आणि ऐन मध्यात, डावा हात झरकन वर नेऊन, तीन कळा चढवल्या. जिथं आजवर लोक ओठ आवळून बसायचे, तिथं सूर नुसता वळला आणि उजळला. मागच्या बाकावरचं कुणीतरी "अरे वा!" म्हणालं. शेवटी सगळी वेस्ट्री उभी राहिली.

"हा हार्प नेस्टाचा," सियोनेड म्हणाली. "कार्यक्रमांना मी आता हाच नेणार."

नेस्टानं इद्वलला दंडाला धरून पुढं ओढलं आणि त्याच्या कानाशी ओरडली, "कळा ह्यांच्या!" इद्वल गोरामोरा झाला. टाळ्या त्याला ऐकू येत नव्हत्या, पण दोनशे हात हलताना दिसत होते, आणि पायाखालची फळी थडथडत होती. पहिल्या रांगेत ग्वेनडा डोळे पुसता पुसता त्याला टाय सरळ कर म्हणून खुणावत होती.

गर्दीतून दोन वादक नेस्टाकडे आले. आपल्या जुन्या हार्पवर अशाच कळा बसवून मिळतील का, असं विचारू लागले. नेस्टानं इद्वलकडे वळून सहा बोटं आणि एक शून्य दाखवलं.

"साठ?" तो सगळ्या वेस्ट्रीला ऐकू जाईल असा ओरडला. "मग सोमवारी आठला ये! आणि येताना केक नको आणूस, पितळ आण!"