दादाची खासदारकी

माझा थोरला भाऊ सांगलीच्या कोर्टात वकिली करायचा. नव्वदनंतर एका पक्षाला दिल्लीत बौद्ध समाजाचा माणूस दाखवायला हवा होता, म्हणून त्यांनी दादाला राज्यसभेवर घेतलं. आष्ट्याला आमच्या दारातली माती गुलालानं लाल झाली. आई एवढंच म्हणाली, "आता तुला कुणाला न्हाई म्हणता यायचं न्हाई."

काही दिवसांतच कडेगावकडच्या एका वस्तीवरची माणसं आली. आमच्या आत्याचं सासर तिथलं. वस्तीतून स्मशानाकडे जाणारी वाट एका बागायतदारानं तार ओढून बंद केली होती. पावसाळ्यात मयत ओढ्याच्या पाण्यातून न्यावं लागायचं. त्यांच्याबरोबर आलेली आत्या म्हणाली, "लेकरा, तू आता दिल्लीत हाईस. एवढी वाट मोकळी कर."

दादा कलेक्टरांकडे गेला. चहा मिळाला, आणि प्रकरण कोर्टात आहे हे उत्तर. पक्षाचे जिल्ह्यातले नेते म्हणाले, "बागायतदार आपलाच माणूस आहे. निवडणूक होऊ दे, मग बघू." शेवटी दादानं विषय सभागृहात मांडायचं ठरवलं.

मी शाळामास्तरीण. सुट्टीत दिल्लीला गेले होते, वर गॅलरीत बसले. दादा हिंदीत बोलू लागला. ओढ्यापर्यंत पोचला तोच घंटा झाली. हा राज्याचा विषय आहे, बसा, असं त्याला सांगितलं गेलं. तो उभाच राहिला. मग माईक बंद झाला. त्याचे ओठ हलताना दिसत होते. शेजारच्या सदस्यानं बाही ओढून त्याला खाली बसवलं. त्याच्या म्हणण्याला कुणी विरोधसुद्धा केला नाही, तेच मला जास्त लागलं.

संध्याकाळी क्वार्टरवर त्यानं विचारलं, "वर ऐकू आलं का गं?"

"न्हाई."

त्यानं भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मी म्हणाले, "मग सोड की ही खासदारकी."

"सोडली तर तिथं आपल्यातलं कोण उठणार हाय?"

पुढच्या पावसाळ्यात आत्या गेली. आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा ओढा भरून वाहत होता. बागायतदाराचा माणूस निरोप घेऊन आला. "खासदारसाहेबांसाठी आजच्या दिवस तार काढतो म्हणालेत."

"आन् उद्या?" दादानं विचारलं.

दादा ओढ्याकडे वळला, तसा आत्याचा मुलगा पुढं आला. "आवं दादा, आईला पाण्यातनं न्यायचं न्हाई मला. वाट घ्या."

दादानं तिरडीला खांदा दिला. आम्ही उसाच्या कडेनं, त्या मोकळ्या वाटेनं गेलो. दुसऱ्या दिवशी तार परत ओढली.

मुदत संपल्यावर पक्षानं दुसरा माणूस शोधला. दादा पुन्हा कोर्टात जाऊ लागला, वाटेची केस त्यानं स्वतःकडे घेतली. तारखा पडत राहिल्या. वस्तीवरची माणसं हळूहळू येईनाशी झाली. ती नव्या खासदाराकडे जातात, असं कळलं.

"जाऊ दे," दादा म्हणाला, "त्यांनी तरी काय करायचं?"