मंगळवारची सकाळ

जर्मनीत एश्बॉर्नला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ मूळ पुण्याचे. बोलायला लागले की जर्मन लोकांसारखं आधी 'आल्झो', म्हणजे 'तर', म्हणतात, आणि एस-बान या लोकल गाडीत आपलं स्टेशन यायच्या एक स्टेशन आधीच उठून दाराशी उभे राहतात.

त्यांच्या मुलीने शाळेत असतानाच विद्यापीठाचा गणिताचा एक विषय पूर्ण केला होता. यंदा ती तिथेच दाखल झाली. त्या विषयाचं क्रेडिट मिळेल का, ही काळजी तिच्यापेक्षा यांनाच जास्त. "आल्झो, नाही दिलं तर तेच सगळं पुन्हा," असं लिफ्टमध्ये ऐकवत.

गेल्या आठवड्यात क्रेडिट मिळालं. त्यामुळे त्या विषयाचा मंगळवारचा सकाळचा तास तिला माफ झाला.

"मग त्या वेळात पुढचा एखादा विषय उरकेल?" मी विचारलं.

"मीही तेच म्हटलं. तर म्हणते, बाबा, मंगळवारी मी झोपणार."

"मग?"

"आल्झो, झोपू दे. कमावलीय तिने ती झोप."

मंगळवारी सकाळी मी जिन्यात असताना वरती ते दार हळूच ओढून बाहेर आले. बूट हातात होते, ते त्यांनी जिन्यात बसून घातले. मी नमस्कार म्हणणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.