समुद्रापलीकडची तहसील

आमच्या मावसाजींना परराष्ट्र खात्यात घेतलं असतं, तर जगातली एकही भारतीय वकिलात दुपारच्या जेवणासाठी बंद राहिली नसती. बैहरच्या तहसिलीतून बडेबाबू म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ बालाघाटच्या आमच्या मोहल्ल्यात आरामखुर्चीवर बसून पृथ्वीभरच्या वकिलाती चालवायचे. स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पण कोणत्या देशात आपला राजदूत आहे, कुठे नुसता वाणिज्यदूत, आणि कोणत्या बेटाचा कारभार शेजारच्या देशातूनच उरकतात, हे ते जावयाच्या बदल्या सांगाव्यात तसं सांगत. त्यांच्या लेखी राजदूत म्हणजे कलेक्टर, वाणिज्यदूत म्हणजे तहसीलदार, आणि दारावरचा चपराशी सगळ्या जगात एकच. एका लग्नाच्या पंगतीत भरवेलीच्या खाणीतला कोणी साहेब 'फिजीचा राजदूत' असं बोलून गेला, तर मावसाजींनी हातातला घास खाली ठेवला आणि ते शांतपणे म्हणाले, "राष्ट्रकुलातला देश आहे तो. उच्चायुक्त म्हना." साहेबांनी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली. मावशीचं म्हणणं एवढंच होतं, की यायले आपल्या घरचा नळ कवा येते ते मात्र ठाऊक नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर एके सकाळी शेजारच्या सुशीलाबाई आल्या. त्यांचा मुलगा राकेश वेल्डर म्हणून आखाताकडे गेला होता. मालकानं त्याचा पासपोर्ट ठेवून घेतला होता आणि घरी जाऊ देत नव्हता. इकडे बाप अंथरुणाला खिळलेला, रोज पोराचं नाव घ्यायचा. सुशीलाबाई उंबऱ्यातच बसल्या आणि म्हणाल्या, "बडेबाबू, तुमच्या तं साऱ्या देशात वळखी हायेत. माह्या पोराले आनून द्या."

मावसाजींची जगात कुठेही ओळख नव्हती. बाई गेल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला. मी म्हटलं, तिला खरं सांगून टाका. ते म्हणाले, "काय सांगू? हेच, की मले फक्त नावं पाठ हायेत?"

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते फोनपाशी बसले. दूतावासानं त्यांना दुसऱ्या शहरातल्या वाणिज्य दूतावासाकडे पाठवलं, तिथल्यांनी पुन्हा दूतावासाकडे. कधी तिथला सण म्हणून कार्यालय बंद, कधी आपला सण म्हणून. उरलेल्या दिवशी साहेब बैठकीत. दुसरा कोणी चिडला असता. मावसाजींना मात्र आपल्याच कचेरीत परत आल्यासारखं वाटू लागलं. त्यांनी साहेबांना मागणंच सोडलं. दूतावासात फोन उचलणाऱ्या बाबूची ते रोज चौकशी करू लागले. त्याला खोकला होता. त्याला अडुळशाचा काढा सांगितला. त्याची बायको इंदूरला, पोरं तिच्यापाशी, हेही कळलं. राकेशचा विषय ते फोन ठेवताना, अगदी सहज काढत. शेवटी तो बाबूच एक दिवस संकोचून म्हणाला, "चाचाजी, लड़के को यहाँ भेज दीजिए. मैं ख़ुद देखता हूँ."

त्यानं खरंच पाहिलं. राकेश दूतावासात जाऊन आला, मालकाला बोलावणं गेलं, पासपोर्ट सुटला, आणि राकेश विमानानं नागपूरला उतरून गोंदियाला आला. त्याला घ्यायला सुशीलाबाईंसोबत मावसाजीही हट्टानं गेले, आणि त्यांना सांभाळायला मी.

पोरगा पार वाळला होता. आईनं मिठी सोडल्यावर तो मावसाजींच्या पाया पडला. मला वाटलं, आता भाषण होणार. पण मावसाजींनी चाचरत विचारलं, "दूतावासावर आपला झेंडा केवढा आहे रे?"

राकेश ओशाळला. "झेंडा तं पाह्यलाच नाही, बाबूजी. मी खिडकीकडंच पाहून राह्यलो होतो. माहं नाव कवा पुकारतात म्हनून."

"हौ," मावसाजी म्हणाले. "बराबर आहे."

बालाघाटच्या गाडीत सगळे दाटीनं बसलो. सुशीलाबाईंच्या मांडीवर पोराची पिशवी होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. राकेशला बसल्या बसल्या झोप लागली आणि त्याचं डोकं मावसाजींच्या खांद्यावर आलं. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाला एरवी कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. आज ते हलले नाहीत. समोरच्या बाकावर कोणी परदेशाच्या राजकारणावर तावातावानं बोलत होता, धडधडीत चुकीचं. मी मावसाजींकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प राहायला सांगितलं, आणि बाहेरच्या धानाच्या बांध्यांकडे पाहत राहिले.