पत्त्याचा रकाना

बँका सरकारी झाल्या आणि त्यानंतर छोट्या माणसाला कर्ज द्यायची टूम निघाली. शिंपी, रिक्षावाला, होडीवाला, सगळ्यांना. पण द्यायचं कोणाला आणि नाही म्हणायचं कोणाला? मॅनेजर तोंड बघून ठरवायचे. घाटकोपरच्या एका सहकारी बँकेला त्याचा चांगलाच फटका बसला, तेव्हा तिचे अध्यक्ष आमच्या अंधेरीच्या ऑफिसात आले.

आमचं ऑफिस म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बँकांना आणि कारखान्यांना पैशाच्या बाबतीत सल्ला देणं हा धंदा. साहेब चार्टर्ड अकाउंटंट, मी संख्याशास्त्रात एम. एस्सी. करून लागलेली. साहेबांनी हे काम माझ्यावर सोपवलं आणि हाताखाली दोन मुली दिल्या. एका बाईला काम सांभाळायला दिलंय म्हणून अध्यक्ष जरा चुळबुळले.

बँकेची जुनी कर्जं आम्ही निवडायला घेतली. फेडलेली एकीकडे, बुडालेली दुसरीकडे. नोकरी किती वर्षांची, घर भाड्याचं की स्वतःचं, खाणारी तोंडं किती, प्रत्येक गोष्टीचा फेडण्याशी काय संबंध आहे ते तपासायचं आणि त्याप्रमाणे गुण ठरवायचे. आकडेमोडीचं यंत्र हाताने फिरवायचं होतं. खांदा भरून यायचा, मग दुसरी मुलगी बसायची. हळूहळू बेरजा बोलू लागल्या. तोंड बघून जे कळत नव्हतं, ते गुणांवरून बऱ्यापैकी कळत होतं.

काम दाखवलं, तर अध्यक्ष म्हणाले, "झकास! फक्त पत्त्याचा रकाना राहिला. माहुलचे कोळी आमचे हप्ते थकवतात. पत्ता माहुलचा दिसला की आधीच गुण कापायचे."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, लिहून टाका.

मी लिहिलं नाही. खारदांड्याला घरी आले. आई बाजारातून येऊन मासळीच्या पाट्या धूत होती. माझे वडील गेल्यावर तिने मासळी विकून मला शिकवलं होतं. मी मनातल्या मनात तिला आमच्या गुणांत बसवलं. पास होत होती. मग अध्यक्षांचा पत्त्याचा नियम लावला, फक्त माहुलच्या जागी आमचा कोळीवाडा धरून. नापास.

"आई, तुला बँकेने कर्ज नाही दिलं तर?"

"मना नको कोणाचा पैसा," ती म्हणाली. "पण नाही बोलाचं, तर का नाही ते तोंडावर सांगाचं."

दुसऱ्या दिवशी दोघी मुलींना घेऊन मी माहुलची सगळी कर्जं वेगळी काढली आणि कोणता हप्ता कोणत्या महिन्यात थकला ते बघितलं. मला संशय होताच. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, घरात पैसा येत नाही. थकलेले हप्ते जवळजवळ सगळे त्याच महिन्यांतले निघाले. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की बहुतेकांनी मागचंही भरलेलं होतं.

साहेबांसोबत घाटकोपरला जाऊन मी अध्यक्षांसमोर ते मांडलं.

"पत्ता घालणार नाही," मी म्हटलं. "पावसाळ्यात हप्ता बंद ठेवा आणि उरलेल्या महिन्यांत जरा मोठा घ्या."

"तुम्हाला माहुलची फार काळजी दिसते."

"मी खारदांड्याची कोळीण आहे. पण हे मी कोळीण म्हणून सांगत नाही. आकडे तुमचेच आहेत, कोणाकडूनही तपासून घ्या."

त्यांनी दोन-तीन कर्जांचे हप्ते बोट लावून स्वतः ताडून पाहिले. मग साहेबांना म्हणाले, "वर्षभर करून बघू. फसलं तर तुमची फी मिळणार नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हे माघार घेणार. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "चालेल. बाई सांगतात तसंच करा."

तो पावसाळा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. नारळी पौर्णिमेनंतर हप्ते येऊ लागले, आणि येत राहिले. मात्र एका तांडेलाचं, होडी हाकणाऱ्या म्होरक्याचं, कर्ज बुडालं. चांगल्या गुणांचा माणूस, वादळात होडीसकट गेला. मागे बायको आणि लहान मुलं.

अध्यक्षांचा फोन आला. "तुमच्या गुणांना हे कळलं नाही?"

"नाही. शंभर माणसांत साधारण किती बुडवतील ते गुण सांगतात. एकाच्या नशिबात काय आहे ते सांगत नाहीत."

"मग त्या बाईकडून वसुली करायची की नाही?"

मी माहुलला जाऊन तिला भेटून आले. विकण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं. परत आल्यावर मी अध्यक्षांना लिहून दिलं की हे कर्ज सोडून द्यावं आणि यापुढे होडीच्या प्रत्येक कर्जासोबत विमा काढावा, हप्त्यातच थोडी रक्कम धरून. ते दोन बैठका भांडले. तिसऱ्या बैठकीत त्यांनी दोन्ही गोष्टींवर सही केली, आणि आमची फीही दिली.