सात चांदी आणि एक पान

मुलीने नवा संगणक घेतला तेव्हा जुना मला दिला. "पप्पा, चालतोय अजून. टाकून नका देऊ," एवढंच ती म्हणाली. त्याचं काय करायचं हे मी त्याच आठवड्यात ठरवून टाकलं, कारण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेळ्यांची नावं पटकन सुचेनाशी झाली होती.

आमच्या घरी आजोबांच्याही आधीपासून शेळ्या आहेत. कुठल्याही शेळीकडे बोट केलं की आबा तिची आई, आजी, पणजी सांगत. हे नुसतं कौतुक नव्हतं. पैदाशीसाठी बोकड ठेवताना तो कोणत्या शेळीच्या नात्यातला आहे हे माहीत असावं लागतं, नाहीतर पिल्लं किरकोळ निघतात आणि जगत नाहीत. ही सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात होती. बीडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की विसर वाढत जाणार, जे विचारायचं ते आता विचारून घ्या.

मी चौसाळ्याजवळच्या एका शाळेत लिपिक आहे. लिहून ठेवणं हेच माझं सव्वीस वर्षांचं काम. पण शेळ्या बघते माझी बायको. ती म्हणाली, "वहीत लिवलं तर काय होतंय? संगणक कावून पायजे?"

मी म्हणालो, वहीत एका शेळीचं पान भरतं, तिची लेक चाळीस पानं पुढे सापडते आणि तिची लेक दुसऱ्याच वहीत. मला एका नावावर बोट ठेवलं की दुसऱ्याचं पान उघडेल असं काहीतरी हवं होतं. संगणकावर टिपणं ठेवायचे असे कार्यक्रम असतात हे मुलीने फोनवर सांगितलं. किती असतात, विचारलं तर म्हणाली, "मोजू नका पप्पा, वेड लागेल."

मी तीन निवडले. कागदावर आठ प्रश्न काढले, प्रत्येकाला दहा गुण. इंटरनेटशिवाय चालतो का? मराठी जोडाक्षरं नीट दिसतात का? लिहिलेलं उद्या दुसरीकडे नेता येतं का? पानापानांना जोडता येतं का? असे आठ. प्रत्येक कार्यक्रम पाच-पाच दिवस वापरून पाहिला. बायको चहा ठेवताना त्या तक्त्याकडे बघून म्हणाली, "माझ्या बापानं तुमाला बघताना एवढी चौकशी केली न्हवती. केली असती तर बरं झालं असतं."

पहिला दिसायला फार देखणा, पण इंटरनेट गेलं की नुसतं पांढरं पान. आमच्याकडे वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. त्याला अडतीस गुण पडले. दुसऱ्यात फोटो छान बसत, पण लिहिलेलं बाहेर काढायला गेलं की जोडाक्षरं फुटून येत. बावन्न. तिसरा साधा होता. प्रत्येक टिपण म्हणजे आपल्याच संगणकावरची एक साधी फाइल, उद्या तो कार्यक्रम बंद पडला तरी कुठेही उघडणारी. दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिलं की त्या नावाचं पान जोडलं जाई. ऐंशीपैकी सदुसष्ट. तोच ठेवला.

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी तासभर मी गोठ्याच्या ओट्यावर संगणक मांडीवर घेऊन बसे. आबा समोर बसून सांगत. खैरीचं पहिलं वेत, दोन पाठी, म्हणजे माद्या. बांडीची लेक मोरी, मोरीला जुळे बोकड. सोळा दिवसांत त्रेचाळीस पानं झाली. मला वाटलं, वेळेत हाती घेतलं.

सतराव्या दिवशी चांदी नावाच्या शेळीची पाळी आली. आबा म्हणाले, "चांदीची आई चांदी." मी कंसात चांदी लिहिलं तर तेच पान पुन्हा उघडलं. त्या पानावर आतापर्यंत काय जमलंय ते मी पाहिलं. एकोणीस पिल्लं. एक वेत मी शाळेत नोकरीला लागलो त्याच्याही आधीचं, एक गेल्या उन्हाळ्यातलं. मी हिशेब केला. ही चांदी चौतीस वर्षांची होत होती. शेळी फार तर बारा-तेरा वर्षं जगते.

"आबा, चांदीची आई चांदी कशी असंल?"

"चांदीच."

"आणि तिची आई?"

"ती बी चांदीच की."

मी संगणक मिटला. मला वाटलं, झालं, गेलं ते. डॉक्टर म्हणाले होते त्याहून लवकर गेलं. मी त्यांना समजावण्याच्या सुरात म्हणालो, "आबा, तुमची गल्लत व्हायलीय. आठवत नसंल तर राहू द्या."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "मग तूच सांग," म्हणाले आणि काठी घेऊन उठून गेले. दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं की म्हणत, "मला कुठं काय आठवतंय." चार सकाळी अशा गेल्या. आधीच थोडे दिवस हातात होते, त्यातले चार मी घालवले होते.

पाचव्या दिवशी बायकोने धारा काढता काढता विषय काढला. "आबांला काय बोलला तुमी?" मी चांदीचं सांगितलं. ती हसली नाही, याचे मी आजही आभार मानतो. ती म्हणाली, "अवं, चांदी गेली की तिच्या लेकीला चांदी म्हणायचं. चांगल्या शेळीचं नाव रिकामं ठेवत न्हाईत. खैरीचं बी तसंच हाय. एवढं ठाव न्हाई तुमाला?"

मला ठाऊक नव्हतं. कारण पाचवीपासून आबांनी मला बीडला मामाकडे ठेवलं. सुट्टीत घरी आलो तरी शेळ्यांमागे पाठवलं नाही. "तू पुस्तक घे" म्हणत आणि स्वतः जात. मी पुस्तक घेतलं, म्हणूनच मला नोकरी मिळाली, आणि म्हणूनच घरातली ही साधी रीत मला माहीत नव्हती.

त्या दिवशी शाळेत दाखला लिहिताना मी जनरल रजिस्टर उघडलं. त्यात एकाच नावाची, एकाच आडनावाची पाच मुलं आहेत. आम्ही नावावर कधीच जात नाही, रजिस्टर नंबरवर जातो, आणि एकदा दिलेला नंबर पुन्हा कुणाला देत नाही. सव्वीस वर्षं लोकांच्या मुलांच्या बाबतीत हे पाळलं. कार्यक्रमाला आठ प्रश्न विचारले, पण एका नावाच्या दोघी असतील तर काय, हा नववा विचारला नाही. चूक कार्यक्रमाची नव्हती आणि आबांची तर नव्हतीच.

संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. "आबा, चुकलो मी. चांदी किती झाल्या आपल्याकडं?"

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "कितवी चांदी, असं इचारायचं ना बे. शाळेत काय शिकवतेत तुमाला?" आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागले. पत्रे उडाले त्या सालची. विहिरीत पडून वाचली ती. तुझ्या लग्नात मांडवाचा पाला खाल्ला ती. लंगडी. तुझ्या आजीच्या मागंमागं फिरायची ती. दोन वेतांतच गेली ती. आणि ही आताची.

सात. एकाही ठिकाणी अडखळले नाहीत. मी नंबर द्यायचं ठरवून गेलो होतो, पण पानांना नावं त्यांनी सांगितली तीच दिली: चांदी, पत्र्यांची. चांदी, मांडवाची. नंबर पुढे कंसात घातले, माझ्या समाधानासाठी. एका पानाची सात झाली आणि एकोणीस पिल्लं आपापल्या आयांकडे गेली. तेव्हा कळलं की यंदा पैदाशीसाठी ठेवलेला बोकड आताच्या चांदीचा सख्खा भाऊ होता. आबांनी तो लिंबागणेशच्या एका ओळखीच्या कळपातल्या बोकडाशी बदलून आणायला लावला.

खैरीचं पानही असंच सोडवून घेतलं. पुढच्या दोन महिन्यांत एकूण चौसष्ट पानं झाली. त्यानंतर आबा सांगू शकले असते असं वाटत नाही.

आता काही सकाळी ते चांदीकडे बघतात आणि नाव येत नाही. मग मी संगणक उघडून तिच्या पानापासून मागे मागे वाचत जातो. ते डोळे मिटून ऐकतात. परवा मांडवाच्या चांदीपाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"डाव्या कानाला चीर होती तिच्या," म्हणाले. "ते लिवलं का?"

लिहिलं नव्हतं. त्यांच्यासमोरच लिहिलं आणि पुन्हा वाचून दाखवलं.

"हां," म्हणाले. "फुडं वाच."