गव्याच्या वासरासाठी आक्कानं माळा रिकामा केला

आक्का आज सकाळी गेली आणि मला मघापासून हसूच येतंय.

सुना माझ्याकडं बघायला लागल्यात. बघू देत.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. पिरनवाडीत लेकाच्या घरी होती. चहात साखर कमी पडली म्हणून सुनेला बोलली, कप खाली ठेवला आणि बसल्या जागी प्राण सोडला.

मला लिहायला फारसं येत न्हाई. दुसरीतच शाळा सुटली. पण नातीनं फोनवर मराठी टायपिंग लावून दिलंय आणि ही पोस्ट मीच लिहिणार.

आणीबाणीच्या टायमाची गोष्ट.

आमचं गाव कणकुंबीच्या रस्त्याला, रानाला चिकटून. घरामागचं परडं कुठं संपतं आणि रान कुठं सुरू होतं ते आम्हालाच कळायचं न्हाई, जनावरांना कुठनं कळणार?

फणस पिकला की अस्वल यायचं. साळिंदर रताळी उकरायचं. वानरांनी तर एकदा सासूबाईंची चोळी दोरीवरनं पळवली, ती शेवटपर्यंत मिळाली न्हाई. ते राहू दे.

आणि गवे. उन्हाळ्यात म्हशींच्या डोणीवर पाणी प्यायला यायचे. डोंगराएवढे. आम्ही दारं लावून घ्यायचो.

आक्का दारातनं त्यांच्याशी बोलायची.

"प्या, प्या. माझ्या मिरच्या तेवढ्या तुडवू नका रं."

त्याच परड्यात एक खड्डा होता. थोरल्या भाऊजींनी, म्हणजे आक्काच्या मालकांनी, विहीर म्हणून खणायला घेतलेला. दीड पुरुष खाली कातळ लागला. दिला सोडून.

आक्का सारखी म्हणायची, "एक तर बुजवा, न्हाईतर कुंपण तरी घाला."

भाऊजी म्हणायचे, "तुला काय कळतंय विहिरीतलं?"

आणि एका सकाळी गव्याचं वासरू त्यात पडलं.

बाप्ये सगळे खानापूरच्या बाजाराला. सासूबाई देवघरात दार लावून बसल्या. राहिलो आम्ही दोघी जावा.

काठावर वासराची आई. खूर आपटतीय, फुसकारतीय, गोठ्याच्या कुडाला शिंग लावतीय. आत आमच्या म्हशी दावी तोडायला लागल्या.

शेजारचे दत्ताप्पा ठासणीची बंदूक घेऊन आपल्या कौलांवर चढले.

"वहिनी, मोठीला पाडतो! न्हाईतर गोठा गेला म्हणून समजा!"

आक्का खिडकीतनं ओरडली, "बार काढलासा तर बघा आप्पा! लेकरू खड्ड्यात असताना आईला मारताय व्हय?"

"मग काय करू? आरती ओवाळू?"

"गप बसा. जरा दम धरा."

आणि माझा हात धरून ती घरातनंच गोठ्यात शिरली, शिडी चढली, माळ्यावर गेली.

माळा भरून भाताचं पिंजर होतं. पेंढ्या बांधून रचलेलं. म्हशींची अख्ख्या पावसाळ्याची वैरण. आणि माळ्याची खिडकी नेमकी खड्ड्यावर.

मी म्हणाले, "आक्का, भाऊजी जिवंत ठेवायचे न्हाईत. पावसात म्हशी काय खातील?"

"पिंजर काय गोव्याला पळून चाललंय? टाक."

टाकली पहिली पेंढी.

वासरू घाबरून कोपऱ्यात गेलं. आई दोन पावलं मागं सरली, परत आली, वर आमच्याकडं बघायला लागली.

"एका अंगाला टाक गं, त्याच्या डोस्क्यावर नको. चढण करूया."

टाक टाक टाकलं. वासरू पेंढीवर पाय ठेवायचं, घसरायचं, परत ठेवायचं. मधेच तोंड घालून खायलाच लागलं! आमचे हात भरून आलेत आणि ह्यो जेवाय बसला!

तिकडं दत्ताप्पांनी बंदूक कधी बाजूला ठेवली कुणास ठाऊक.

"वहिनी, उजव्या अंगाला! आणि दोन उजव्या अंगाला! हां, आता मधी!"

माळा रिकामा झाला.

वासराची हनुवटी काठाला लागलेली. फक्त हनुवटी. पाय काही निघेनात. आई खाली मान घालून त्याला हुंगतीय. काय करणार ती तरी?

माळ्यावर आता एकच वस्तू राहिलेली. भाऊजींची कापसाची गादी. ऊन दाखवून, गुंडाळून ठेवलेली.

आक्कानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "नको गं."

दोघींनी मिळून ढकलली.

गादी बरोबर चढणीवर बसली. वासरानं पुढचे पाय टेकले, मागच्यांनी असा काही रेटा दिला की एका उडीत बाहेर!

आई त्याला चाटत होती. आक्का माळ्यावर रडत होती आणि हसत होती. दत्ताप्पा कौलांवर टाळ्या वाजवत होते, त्यात दोन कौलं फुटली.

मग दोघं मायलेकरं मिरच्या तुडवत रानात गेली. आक्का एक शब्द बोलली न्हाई.

आता टीव्हीवर रेस्क्यू ऑपरेशन दाखवतात. जेसीबी, पोलीस, केवढी गर्दी. आमच्या टायमाला रेस्क्यू टीम म्हणजे दोन जावा.

पण खरं टेन्शन पुढंच होतं. भाऊजी बाजारातनं आले.

"माझी गादी कुठाय?"

आक्का म्हणाली, "माझ्या बापानं दिलती. लागली एका लेकराला."

"आणि पिंजर?"

"खड्ड्यात हाय."

"आता काढायचं कुणी?"

"खड्डा तुमचा. उतरा आणि काढा."

लग्न झाल्यापासनं तिला मी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. भाऊजींनीपण न्हाई. त्यांनी बाजाराची पिशवी खाली ठेवली.

आणि मग उतरले!

एकेक पेंढी ते वर फेकायचे, आम्ही माळ्यावर चढवायचो. काठावर आक्का कमरेवर हात ठेवून उभी. "सावकाश. गादी फाटंल."

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी कुणाला काही न सांगता खड्डा बुजवला. गवे पुढंही वर्षानुवर्षं आले, पण आमच्या परड्याकडं कुणी बंदूक रोखली न्हाई. आणि घरात काहीही काढायचं म्हटलं, भिंत असो की लग्न, भाऊजी आधी विचारायचे, "तिला विचारलंय का?"

आक्का, लई बहाद्दर होतीस गं. नीट जा.

तुझ्या धाकट्या जावेचा मनापासून नमस्कार.